दहाच्या ठोक्याला

केंद्र सरकारनं ध्वनिप्रदूषणाचे नियम काढले ते 14 फेब्रुवारी 2000 रोजी. देशातली तरुण मंडळी त्या दिवशी एकमेकांच्या कानाशी लागून हळू आवाजात काहीबाही बोलत असतात, ते पाहून सरकारला हा मुहूर्त सुचला असावा असं कुणालाही वाटेल. पण नियम वाचायला घेतले की शंका येते. ज्यानं हे आकडे ठरवले, त्यानं भारतातलं एखादं घर आतून पाहिलं होतं का?

आकडे असे आहेत. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. बाजारपेठेत 65 आणि 55. कारखान्यांच्या भागात 75 आणि 70. इस्पितळं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात 50 आणि 40. सरकारी दिवस सकाळी सहाला उगवतो आणि रात्री दहाला मावळतो. हे सगळे सरासरीचे आकडे, म्हणजे एखादी शिट्टी-बिट्टी माफ. तरीही दोन माणसं हातभर अंतरावर बसून साधं बोलली की आवाज 60 च्या घरात जातो, असं ध्वनिशास्त्राच्या पुस्तकात असतं. ही साधं बोलणारी माणसं कुठली, ते पुस्तकात नसतं. आमच्याकडची नक्कीच नव्हेत.

आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंची लेक न्यू जर्सीला असते. फोन इंटरनेटवरून, फुकटात, पलीकडचा उसासासुद्धा ऐकू येईल इतका स्वच्छ. पण काकूंची तालीम झाली आहे ट्रंक कॉलच्या काळात, आणि त्या काळात गाव जितकं लांब तितका सूर वरचा, असा हिशोब होता. मुंबईला एक पट्टी, नागपूरला तिच्या वरची. न्यू जर्सीला त्या जी पट्टी लावतात तिच्यात जावयाच्या नोकरीची आजची स्थिती पार्किंगमधल्या वॉचमनपर्यंत पोचते. कुणी तक्रार करत नाही. जावयाच्या नोकरीचं पुढे काय होतंय हे सगळ्यांनाच ऐकायचं आहे.

तक्रार कधी करावी, याचाही नियम आहे. आवाज ठरल्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबलनं किंवा त्याहून जास्त वाढायला हवा. म्हणजे घरासमोर दिवसा 64 चालू असतील तर ते गैर आहे, पण पोलिसांत जाण्याइतकं गैर नाही. कार्यात थोडं इकडंतिकडं व्हायचंच, हे आपल्या मोठ्या माणसांचं म्हणणं राजपत्रात छापून आलं आहे, इतकंच. शिवाय हे 10 डेसिबल दिसतात तितके गरीब नाहीत. वाण्याच्या काट्यावर 10 किलोत आणखी 10 घातले की 20 होतात, इथं तसं नाही. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, 20 वाढले की शंभरपट, 30 वाढले की हजारपट. कान बिचारा दहापटीला "दुप्पट झालं वाटतं" एवढंच म्हणतो. अवयवांमध्ये इतका पडखाऊ दुसरा नसेल. डोळ्यांना निदान पापण्या तरी दिल्या आहेत.

आता ही एवढी नियमावली, तिच्यातली कोष्टकं, त्यांतले दिवसरात्रीचे रकाने, त्यावरचे न्यायालयांचे निवाडे, यांतली एकच गोष्ट महाराष्ट्रानं मनोभावे स्वीकारली आहे, ती म्हणजे रात्रीचे दहा. का, तर घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर आहे आणि डेसिबल मोजायचं यंत्र कुणाच्याच खिशात नाही. उच्च न्यायालयानं सरकारच्या मागे लागून पोलिस ठाण्यांसाठी ध्वनिमापक यंत्रं घ्यायला लावली, हे खरं. पण यंत्र कपाटात असतं, कपाटाची किल्ली साहेबांकडे असते आणि साहेब बंदोबस्ताला गेलेले असतात. घड्याळ मात्र हवालदाराच्या हातावर चोवीस तास हजर असतं.

कुठल्याही मंगल कार्यालयाच्या लॉनवर दहाला पाच कमी असताना उभं राहून पाहावं. स्टेजवर नवरा-नवरी थकून खुर्चीला खिळलेली, जेवणाच्या रांगेत बासुंदी संपल्याची बातमी फिरतेय, आणि डीजेवाला पोरगा माइकवर जाहीर करतो, "लास्ट साँग!" या लास्ट साँगमध्ये चार गाणी एकमेकांत मिसळलेली असतात. फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन थांबलेली असते. हवालदार खाली उतरतो, कमरेवर हात ठेवतो आणि घड्याळाकडे बघतो. आत जमीन हादरत असते, गाडीची काच थरथरत असते, शेजारच्या इमारतीत कुणाचं तरी तान्हं बाळ किंचाळत असतं, पण हवालदाराच्या चेहऱ्यावर रेष हलत नाही, कारण अजून तीन मिनिटं बाकी आहेत. दहा वाजले रे वाजले की तो हात वर करतो आणि सगळं बंद. त्यानंतर मुलीचा बाप माइक घेऊन "मंडळी, जेवून जा बरं का" असं म्हणाला, तर तो मात्र कायदेभंग.

नियमांत याला एक पळवाट ठेवली आहे. वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस, सण-उत्सवासाठी, राज्य सरकार दहाचे बारा करू शकतं. या 15 दिवसांची वाटणी दरवर्षी जिल्हाधिकारी करतात. शिवजयंती, आंबेडकर जयंती, ईद-ए-मिलाद, नाताळ, 31 डिसेंबर असं करत करत एकेक दिवस जातो आणि मोठा वाटा गणपती आणि नवरात्र उचलतात. भावाभावांत जमिनीची वाटणी करताना तलाठ्याला जेवढा घाम फुटतो, तेवढाच या कागदावर गळत असणार. एक-दोन दिवस मागे राखून ठेवायची पद्धत आहे. ऐन वेळी कुणाचा तरी उत्साह उतू गेला तर असावेत हाताशी, म्हणून.

या बाराची खरी मौज पुण्यात विसर्जनाच्या रात्री दिसते. रात्रीचे बारा वाजतात, स्पीकर बंद होतात. पण मिरवणूक संपलेली नसते, तिला अजून नदी गाठायची असते. मग पुढं सरकायचं की थांबायचं? मंडळातली पोरं थांबतात. टिळक रस्त्यावर ट्रॅक्टर, जनरेटरची गाडी, स्पीकरची भिंत आणि गुलालानं माखलेली शे-दीडशे मुलं जागच्या जागी उभी. कुणी फुटपाथवर वडापाव खातंय, कुणी स्पीकरलाच टेकून झोपलंय. स्पीकरला टेकून शांत झोपता येतं, हे फक्त या सहा तासांतच बघायला मिळतं. पहाटे साडेपाचला चहावाला फिरतो. पावणेसहाला मुलं आळस देऊन उठतात, कपाळाच्या पट्ट्या सारख्या करतात. सहाला पाच कमी असताना कार्यकर्ता मोबाइल वर धरून घड्याळ दाखवतो, डीजेवाल्याचं बोट बटणावर. आणि सहाच्या ठोक्याला रस्त्यावरचे झोपलेले कावळे, इमारतींतली झोपलेली माणसं आणि चौकातला उभ्यानं डुलक्या घेणारा बंदोबस्त एकदमच जागा होतो. कायद्याचा शब्दशः, मिनिटाला मिनिट लावून इतका मान राखणारे नागरिक मी दुसऱ्या कुठल्याही सरकारी कचेरीच्या आत किंवा बाहेर पाहिलेले नाहीत.

आवाज कुणी मोजतच नाही असं नाही. पुण्याच्या सीओईपीतली, म्हणजे जुन्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं दरवर्षी विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत यंत्र घेऊन उभी राहतात. बेलबाग चौक, कुंटे चौक, होळकर चौक असं करत रात्रंदिवस नोंदी घेतात. शंभरी ओलांडल्याचे आकडे दुसऱ्या दिवशी पेपरात येतात आणि पुणेकर ते निकालपत्रक वाचावं तशा गंभीरपणे वाचतात. लक्ष्मी रस्ता बाजारपेठेचा धरला तर दिवसाची मर्यादा 65. त्यापुढे 100 म्हणजे 35 डेसिबल जास्त, म्हणजे ऊर्जेच्या हिशोबात तीन हजार पटींहून अधिक. इतक्या पटीनं जास्त वेगात गाडी चालवली तर ती पृथ्वी सोडून जाईल. पण पेपरातली चर्चा वेगळीच असते: गेल्या वर्षीपेक्षा वाढला की घटला? घटला असेल तर दोन गट पडतात. एका गटाला समाधान वाटतं, दुसऱ्याला मिरवणुकीत पूर्वीची मजा राहिली नाही असं वाटतं.

लाउडस्पीकर जिथं लावायचा, त्या जागेच्या हद्दीवर आवाज 75 च्या वर जाता कामा नये, असंही नियमांत आहे. आता हद्दीवर 75 म्हणजे नेमकं किती, हे बंदोबस्ताच्या बैठकीत कुणालाही सांगता येत नाही. तेव्हा पोलिसांनी त्याचं व्यवहारी मराठीत रूपांतर केलं: "दोन टॉप, दोन बेस." खोकी मोजता येतात. टॉप म्हणजे वरचे, कानाला बोचणारे. बेस म्हणजे खालचे, छातीवर गुद्दे घालणारे. मंडळाचा अध्यक्ष दोन टॉप-दोन बेस मान्य करून सही करतो आणि मग चारच खोकी आणतो, फक्त ती खोली भरेल एवढी असतात. ढोलताशांच्या बाबतीत तर मामला दिल्लीपर्यंत गेला. 2024 च्या ऑगस्टमध्ये हरित लवादानं एका पथकात 30 पेक्षा जास्त वादक नकोत असा आदेश दिला, आणि विसर्जनाच्या आत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. घड्याळ मोजा, खोकी मोजा, डोकी मोजा. आवाज तेवढा मोजायचा राहतो. पथकं जून-जुलैपासून नदीपात्रात सराव करतात, तेव्हा काठावर राहणाऱ्यांना विचारा. कुठला वादक ठेका चुकवतो ते त्यांना पथकाच्या प्रमुखाआधी कळतं.

दहाचा हा नियम खरा कुणाला लागला, तर ज्यांचा आवाज दहानंतरच लागायचा त्यांना. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 मध्ये सुरू केला, आणि अनेक वर्षं तो रात्रभर चालायचा. लोक घोंगड्या, शाली, थर्मास घेऊन बसत. पहाटेपर्यंत बसून राहिलेला माणूस पुढचे आठ दिवस ऑफिसात त्याविषयी बोलत असे, आणि तो आवाज कुठल्याच नियमात बसत नाही. मग दहाचा ठोका आला. आता सवाई दुपारी सुरू होते, रात्री आटोपते, एखाद्या दिवशी बारापर्यंतची परवानगी मिळते. यात मुलतानीचं आणि भीमपलासचं नशीब उघडलं. पूर्वी त्यांना विचारायचं कोण? दरबारीची मात्र पंचाईत झाली. ती मध्यरात्रीची, आणि मध्यरात्री मांडवात सतरंज्या गोळा करणारे तेवढे असतात. ललत, भैरव तर मांडवातून हद्दपारच. ज्या शहरात भिंती हलवणारं यंत्र सकाळी सहाला कायदेशीर होतं, त्याच शहरात पहाटे चारला तंबोऱ्यामागे माइक लावणं बेकायदेशीर आहे. नियमाचा यात दोष नाही. नियमाला राग कळत नाहीत, त्याला फक्त आकडे कळतात, आणि तेही घड्याळातले.

तमाशाचं याहून अवघड. वर्षाच्या सुपाऱ्या घ्यायला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावचा पुढारी जत्रेचा तमाशा ठरवताना पूर्वी विचारायचा, "वग कुठला?" आता विचारतो, "वग बसेल का?" कारण जत्रेतली कुस्ती, पालखी, सत्कार, पुढाऱ्यांची भाषणं हे सगळं उरकून पडदा उघडेपर्यंत नऊ वाजतात. गण होतो, गवळण होते, मावशी रंगात येते, आणि वगातला राजा सिंहासनावर बसून "प्रधानजी!" म्हणतो तोवर दहा. प्रधानजींचं उत्तर माइकशिवाय पहिल्या दोन रांगांपर्यंत जातं. फडमालक वर्षानुवर्षं वेळ वाढवून मागत आहेत. सिंधुदुर्गातल्या दशावताराची तर तऱ्हाच निराळी, तो मुळात सुरूच मध्यरात्रीच्या सुमाराला होतो. राक्षस स्टेजवर येतो तेव्हा कायद्यानं गाव झोपलेलं असतं.

तोडगा काढला तो गोव्यानं. तिथंही दहाला संगीत बंद, आणि पर्यटक तर दहालाच उठणारे. मग काणकोणात पाळोळ्याला कुणीतरी शक्कल काढली आणि प्रत्येकाला हेडफोन वाटले. गाणं ज्याच्या त्याच्या कानात, नाच सगळ्यांचा एकत्र, आणि लांबून पाहणाऱ्याला फक्त लाटांचा आवाज आणि शे-दोनशे माणसं कशासाठी उड्या मारताहेत ते न कळण्याची गंमत. हा प्रयोग आपल्या मिरवणुकीत करावा असं मी एकदा आमच्या चौकातल्या मंडळाच्या अध्यक्षांना सुचवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मग समोरच्या मंडळाला ऐकू कसं जाणार?" असं त्यांनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं. स्पीकर आपण स्वतःसाठी लावतच नाही.

सांगली, सातारा, कोल्हापूरकडे या भिंतींना सरसकट डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी हा अमेरिकन माणूस 1963 पासून दोनेक वर्षं युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. इथून गेला आणि लगेच, 1965 मध्ये, लंडनला त्यानं स्वतःची कंपनी काढली. तिचं पहिलं नावाजलेलं काम म्हणजे टेपवरची खरखर, म्हणजे नको असलेला आवाज, कमी करणारं यंत्र. दोन वर्षं भारतात राहिलेल्या माणसाला उरलेल्या आयुष्यात आवाज कमी करावासा वाटला, यात मला काहीच नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं की आपण त्याचं नाव कशाला दिलं! दर वर्षी सातारा-कोल्हापूरकडे "डॉल्बीमुक्त गणेशोत्सव" अशा बैठका होतात. त्या बिचाऱ्याच्या आत्म्याला काय वाटत असेल.

बरं, आवाज आवरण्याचं काम ज्यांच्याकडे, त्यांचा स्वतःचा आवाज कसा असतो? आमच्याकडे सकाळी पहिली येते ती पालिकेची कचऱ्याची गाडी. गाडीवर भोंगा, भोंग्यात गाणं, गाण्यात स्वच्छतेचा संदेश. ती सहा वाजून गेल्यावर येते, म्हणजे कायदेशीर. गाडी गल्लीच्या टोकाला असते तेव्हाच निम्मी गल्ली कचरा घेऊन खाली उतरलेली असते, तरी गाणं शेवटच्या इमारतीपर्यंत चालू राहतं. तिच्या मागोमाग भंगारवाला. त्यानंही आता गळा वाचवलाय. टेम्पोवर रेकॉर्ड केलेला आवाज लावतो आणि स्वतः मोबाइलवर बोलत बसतो. मग कांदेवाला, मग लसणीवाला. त्यात कुणीतरी गाडी मागे घेतो आणि रिव्हर्स हॉर्नमधून देशभक्तीची धून वाजते. देशभक्ती मागे जाताना का उफाळून येते, हा प्रश्न मी अनेकांना विचारला आहे.

शांतता हवी असली तरी आपल्याला आधी दणका लागतो. पेशवाईतल्या पुण्यात रात्री तोफ उडायची, आणि तोफेनंतर रस्त्यावर फिरायला मनाई असे. म्हणजे सगळं शहर दचकवून उठवायचं आणि मग झोपायला सांगायचं. आजचंही एक उदाहरण आहे आणि ते खरोखर चांगलं आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तिथं संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास सगळ्या घरांतले टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. साडेआठला पुन्हा भोंगा. कुठल्याही कायद्यानं न साधलेलं ग्रामपंचायतीनं साधलं, हे मान्य. पण शांततेची सुरुवात आणि शेवट दोन्ही भोंग्यानंच व्हावे, हा आपला घराण्याचा ठसा काही लपत नाही.

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी एक बेरकी युक्ती करून पाहिली होती. सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता, वांद्रे अशा ठिकाणच्या सिग्नलला यंत्र जोडलं. हॉर्नचा आवाज 85 च्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. वाजवा, आणि थांबा. 2020 च्या सुरुवातीला त्याचा व्हिडिओ जगभर फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या मुंबईकराची अडचण मात्र कुणी लक्षात घेतली नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला, आकडा परत नव्वदवर गेला. आता त्या मागच्याला आपला संताप कळवायचा कसा? हॉर्न वाजवूनच ना!

शांतता क्षेत्राची कथा तर न्यायालयाच्या पायऱ्यांवरच घडली. शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, असा मूळ हिशोब. पुण्यातल्या पेठांत किंवा दादरला असं शंभर मीटरचं एकेक वर्तुळ काढत गेलं तर कागदावर मोकळी जागा उरत नाही; सगळं शहरच शांतता क्षेत्र. त्यातल्या शाळेचं स्नेहसंमेलन असलं की काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. 2017 च्या ऑगस्टमध्ये, गणपती तोंडावर असताना, केंद्रानं नियम बदलला: राज्य सरकारनं जाहीर केल्याशिवाय कुठलीही जागा शांतता क्षेत्र नाही. एका रात्रीत वर्तुळं पुसली गेली. मुंबई उच्च न्यायालयानं या बदलाला स्थगिती दिली. अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी सर्वोच्च न्यायालयानं त्या स्थगितीला स्थगिती दिली. इस्पितळाच्या खिडकीखाली उभ्या असलेल्या डीजेवाल्यानं या घडामोडींकडे लक्ष ठेवलं असेल असं वाटत नाही. रिक्षावाल्यानं तर नक्कीच नाही. "शांतता क्षेत्र, हॉर्न वाजवू नका" ही पाटी झाडाआड असते, आणि ती वाचायला वाकलेल्या स्कूटरवाल्याला मागची रिक्षा हॉर्न देते.

उरला तक्रारीचा मार्ग. 112 ला फोन लावला की पलीकडच्या बाई अतिशय सौजन्यानं विचारतात, "नाव? पत्ता? आवाज कुठून येतोय?" फोन खिडकीबाहेर धरला की हे सगळं आपोआप कळेल, पण तसा रकाना नसतो. थोड्या वेळानं स्थानिक ठाण्यातून फोन येतो, "साहेब, नेमकं कुठं?" मग दोन पोलिस येतात, आधी आपल्याच फाटकाशी थांबतात आणि वर बघून मोठ्यानं हाक मारतात, "तक्रार तुमचीच ना हो?" चौकातला डीजे तेवढ्यासाठी क्षणभर थांबलेला असतो. उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये बजावलंय की तक्रारदाराची ओळख विचारत बसू नका, उघड तर मुळीच करू नका. न्यायमूर्तींच्या शेजारीही मंडळ असणार, असा माझा तर्क आहे. एकदा अशा तक्रारीनंतर खाली उतरून मंडळाच्या अध्यक्षांना भेटलो तर ते उलट माझीच समजूत घालू लागले, "काका, तुम्ही सांगायचं ना आम्हाला! पोलिसांना कशाला त्रास?" आणि वर्गणीचं पावतीपुस्तक पुढं केलं.

तेव्हा आधी आपल्या घरापासून सुरुवात करू, असं ठरवून आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आवाजाचा विषय घेतला गेला. सेक्रेटरींनी फोनवर डेसिबल दाखवणारं अॅप उतरवून घेतलं होतं, आणि सभेच्या टेबलावर तो फोन सगळ्यांना दिसेल असा उभा करून ठेवला. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना आकडा 52 होता. म्हणजे आम्ही कायद्यात होतो. हिशोबतपासणीला 58. पाण्याच्या टँकरच्या बिलाला 71. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दुपारी दोन ते चार ड्रिल चालतं हा मुद्दा आला तेव्हा त्या फ्लॅटचे मालक उभे राहिले आणि आकडा 79 झाला. काकूंच्या फोनचा विषय कुणीतरी काढला. त्या म्हणाल्या, "मी कुठं मोठ्यानं बोलते?" 84. पार्किंगच्या वेळी फोन थरथरून आडवा पडला, तो कुणी उभा केला नाही.

शेवटी ठराव मांडला: सोसायटीच्या आवारात रात्री दहानंतर सर्व सभासदांनी शांतता पाळावी. डेसिबलचं काय, असं एकानं विचारलं, तर यंत्र आणायचं झालं तर तीन ठिकाणची दरपत्रकं लागतील असं खजिनदार म्हणाले, तेव्हा डेसिबल वगळले. ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. त्या वेळी दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. इतिवृत्तात सेक्रेटरींनी 9.55 लिहिले आहेत.